पीएचपीबीबी फोरमसाठी एक्स्टेंशन: पारखावे कसे, बसवावे कसे, काढावे कसे

पीएचपीबीबी हे चर्चेचे फोरम चालवायचे मोफत सॉफ्टवेअर. त्यात नवी सोय जोडणारे एक्स्टेंशन सुरू करायला दोन क्लिक पुरतात. म्हणूनच निवडताना कोणी फारसा विचार करत नाही. मग कधीतरी होस्टिंगवाला पीएचपीची (हे सॉफ्टवेअर ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले आहे तिची) आवृत्ती बदलतो आणि सकाळी उघडून पाहावे तर फोरमच्या जागी कोरे पांढरे पान. ते टाळायचे तर एक्स्टेंशन जोडण्याआधीच ते काढायचे कसे याचा विचार हवा. खालची कृती पीएचपीबीबीच्या ३.३ या शाखेसाठी आहे. ती जानेवारी २०२० मध्ये आली.

आधी मूळ सॉफ्टवेअरमध्ये बघा

निम्मी मागणी इथेच संपते. स्पॅम आवरायला एक्स्टेंशन शोधत असाल तर आधी नोंदणीच्या वेळचा प्रश्नोत्तराचा पर्याय वापरा. 'हे मशीन नाही याची खात्री करा' छापाच्या चित्रकोड्यापेक्षा तुमच्या विषयातला एक साधा प्रश्न जास्त काम करतो. मात्र उत्तर गूगलवर सहज मिळणारे नको. नव्या सदस्यांचे पहिले काही संदेश मंजुरीसाठी अडवून ठेवण्याची सोयही आतच आहे. प्रोफाइलमध्ये गाव, व्यवसाय असे जादा रकाने हवेत, स्वतःचा बीबीकोड (संदेशातल्या मजकुराला रूप देणारी खूण) हवा, मतदान हवे, यांपैकी कशालाच बाहेरचे काही लागत नाही.

मग कोठार चाळा

सुरुवात पीएचपीबीबीच्या अधिकृत साइटवरच्या कस्टमायझेशन डेटाबेसपासून करा. खुद्द पीएचपीबीबीच्या चमूने बनवलेली थोडी एक्स्टेंशन तिथे आहेत: फोरमचे नियम, स्थिर पाने, जाहिरातींची व्यवस्था, व्हिडिओ जोडणे, फोरमभर दिसणारी सूचना. काम त्यात भागत असेल तर पुढे जाऊच नका.

बाकीची एक्स्टेंशन हौशी मंडळींनी रिकाम्या वेळात लिहिलेली आहेत. 'व्हॅलिडेटेड' असे लिहिलेल्या आवृत्तीचा कोड चमूतल्या माणसांनी वाचलेला असतो. सुरक्षेची ढोबळ भोके आणि नियमबाह्य लेखन तिथे अडते. पण उद्याच्या पीएचपीवर ते चालेल किंवा लेखक पुढच्या वर्षी उत्तर देईल, ही हमी त्या शिक्क्यात नाही. 'इन डेव्हलपमेंट' लिहिलेले असेल तर ते चालत्या फोरमवर नकोच.

डाउनलोडच्या आकड्याला भुलू नका. त्याऐवजी त्या एक्स्टेंशनच्या मदत-धाग्याचे शेवटचे पान वाचा. शेवटच्या पाच-सहा तक्रारींना लेखकाचे उत्तर आहे का? नसेल तर ते एक्स्टेंशन अनाथ आहे असे समजा. एखादे 'मॉड' सापडले तर सोडून द्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये ३.१ येईपर्यंत अशी मॉड चालत: मूळ फाइल उघडायची, अमुक ओळ शोधायची, तिच्याखाली तमुक ओळ चिकटवायची. दर अपडेटला ती सगळी मेहनत पुसली जाई. ३.३ मध्ये त्यांचा काहीच उपयोग नाही.

झिप उघडून दहा मिनिटे वाचा

कंपोझर डॉट जेसन ही फाइल आधी उघडा. त्यात पीएचपीची किमान आवृत्ती आणि पीएचपीबीबीची अपेक्षित आवृत्ती असते. यात एक खाच आहे. पीएचपीबीबीचा तो आकडा निव्वळ माहितीपुरता असतो. चुकीच्या आवृत्तीवर सुरू होण्यापासून रोखणारी तपासणी लेखकाने एक्स्ट डॉट पीएचपी या फाइलमध्ये वेगळी लिहावी लागते. ती नसेल तर जुने एक्स्टेंशनही निमूट सुरू होते आणि नंतर कोसळते.

कोड कळत नसला तरी काही शब्द शोधता येतात. 'इव्हॅल' किंवा 'बेस सिक्स्टीफोर डीकोड' दिसले (यांच्या आडून लपवलेला कोड चालवता येतो) तर कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' ही दोन फंक्शने पीएचपी ८ मधून काढून टाकली आहेत. ती सापडली म्हणजे कोड जुना आहे. बाहेरच्या अनोळखी सर्व्हरचा पत्ता दिसला तर तिथे काय पाठवले जाते ते पाहा. शेवटी मायग्रेशन्स (डेटाबेसमध्ये बदल करणाऱ्या फाइलींचे) फोल्डर पाहा. ते नसेल तर एक्स्टेंशन डेटाबेसला बहुधा हात लावत नाही आणि काढणे सोपे. त्यात नवे तक्ते, नवे रकाने असतील तर ते एक्स्टेंशन फोरमच्या अंगात मुरणार.

चाचणीची प्रत

चालत्या फोरमवर थेट प्रयोग नको. फाइली आणि डेटाबेस यांची प्रत करून ती वेगळ्या सबडोमेनवर किंवा स्वतःच्या संगणकावर झॅम्प या सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करा आणि कॉन्फिग फाइलमध्ये नव्या डेटाबेसचे नाव घाला. ॲडमिन कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन सगळ्यात आधी ईमेल बंद करा. हे विसरलात तर चाचणीत टाकलेल्या प्रत्येक संदेशाची सूचना खऱ्या सदस्यांना जाते. डोमेन आणि कुकीचे नावही बदला, नाहीतर दोन्ही फोरमचे लॉगिन एकमेकांत अडकते.

कॉन्फिग फाइलमध्ये 'प्रॉडक्शन' च्या जागी 'डेव्हलपमेंट' केले की पांढऱ्या पानाऐवजी खरी चूक दिसते. चालत्या फोरमवर मात्र हे करू नका. चूक दाखवणाऱ्या संदेशात सर्व्हरवरचे आतले पत्ते उघडे पडतात.

बसवणे

फोल्डरांची रचना ठरलेली आहे: एक्स्ट, त्यात लेखकाचे नाव, त्यात एक्स्टेंशनचे नाव. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून थेट उतरवलेल्या झिपमध्ये फोल्डरच्या नावाला 'मास्टर' किंवा 'मेन' असे शेपूट असते, आणि एक पायरी जास्त किंवा कमीही असू शकते. यादीत एक्स्टेंशन दिसतच नाही या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. कंपोझर डॉट जेसनमधल्या नावाशी फोल्डरची नावे अक्षरशः जुळायला हवीत.

बॅकअप घ्या, फाइली चढवा, 'कस्टमाइज' टॅबमधून एक्स्टेंशन सुरू करा. मोठ्या डेटाबेसवर हे टप्प्याटप्प्याने चालते. मध्येच पान बंद करू नका. सुरू झाल्यावर तीन वेगवेगळ्या लॉगिनने बघा: पाहुणा, साधा सदस्य, मॉडरेटर. नवी परवानगी एखाद्या गटाला मिळालेली नसते, मग 'ॲडमिनला दिसते पण बाकी कोणालाच दिसत नाही' असा घोळ होतो. प्रोसिल्व्हर या मूळ स्टाइलखेरीज (स्टाइल म्हणजे फोरमचे रूप) दुसरी वापरत असाल तर तीही तपासा. ती प्रोसिल्व्हरवर बेतलेली नसेल तर एक्स्टेंशनचे बटण उगवतच नाही.

अपडेट आणि काढणे

इथे सर्वाधिक चुका होतात. अपडेट करताना आधी 'डिसेबल', मग जुन्या फाइली पूर्ण काढा, नव्या चढवा, पुन्हा 'एनेबल'. 'डिलीट डेटा' ला हात लावू नका. त्याने त्या एक्स्टेंशनचे तक्ते आणि सेटिंग्ज जातात. जुन्यांवरच नव्या फाइली टाकल्या तर नव्या आवृत्तीने वगळलेल्या फाइली तशाच राहतात आणि घोटाळा करतात.

कायमचे काढायचे असेल तर क्रम असा: डिसेबल, डिलीट डेटा, मग फोल्डर पुसणे. एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली हाताळायच्या साधनाने) थेट फोल्डर पुसलात तर, विशेषतः सूचना पाठवणाऱ्या एक्स्टेंशनच्या बाबतीत, 'नोटिफिकेशनचा अमुक प्रकार सापडत नाही' असा संदेश सदस्यांच्या पानावर येतो. उपाय म्हणजे तीच आवृत्ती परत चढवून रीतसर डिसेबल करणे. म्हणून प्रत्येक एक्स्टेंशनची झिप स्वतःकडे जपून ठेवा. कोठारातून ती उद्या नाहीशी होऊ शकते.

पॅनलच उघडत नसेल तर पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनात नावाच्या शेवटी 'एक्स्ट' असलेला तक्ता उघडा, त्या एक्स्टेंशनच्या ओळीतला 'ॲक्टिव्ह' चा आकडा १ चा ० करा आणि कॅश फोल्डरातले प्रॉडक्शन फोल्डर रिकामे करा. एसएसएच (सर्व्हरला थेट कमांड द्यायची सोय) असेल तर पीएचपीबीबीची कमांड लाइन सेफ मोडमध्ये चालवूनही एक्स्टेंशन बंद करता येते.

सोबत एक साधी वही किंवा शीट ठेवा: एक्स्टेंशनचे नाव, आवृत्ती, कुठून घेतले, किती तारखेला बसवले, डेटाबेसमध्ये काय घातले, आणि ते नेमके कोण वापरते. पीएचपी बदलणार असल्याची सूचना होस्टिंगकडून आली की ही यादी घेऊन चाचणीच्या प्रतीवर एकेक एक्स्टेंशन सुरू करून बघा. शेवटचा रकाना ज्यांच्यापुढे रिकामा राहिला असेल ती एक्स्टेंशन त्याच दिवशी काढून टाका.