नॅटच्या पोटातलं पाणी

आमच्या कॉलेजपुढं चौथऱ्यावर उभ्या नॅट विमानाला (१९६५ च्या लढाईत याच जातीनं पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं पाडली होती) पंखाखाली पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, सुटत होती. नुसता रंग फासून काही होत नसतं. पोटाकडची निचऱ्याची भोकं चिमण्यांच्या काड्यांनी बुजली होती. पाणी साचून पोलादी स्क्रूंभोवतीचं ॲल्युमिनियम झिजत होतं. तुराटीनं भोकं मोकळी केली, नायलॉनच्या ब्रशनं भुकटी घासली. लोखंडी ब्रश नकोच, त्याचे कण रुतून गंज वाढतो. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो. मग प्राइमर (रंगाआधीचा थर), स्क्रूखाली सीलंट (फटी बुजवणारा लेप). मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणून रंग पहाटेच मारला. पहिली झड लागली तेव्हा भोकांतून पाणी धो-धो गळलं. लय बरं वाटलं, बाप्पा!