उष्णतारोधक रबरी सील : या चुका टाळा

नाशिकजवळ ओझरला विमाने तयार होत असल्याने अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या रबर मोल्डिंगवाल्यांनाही या क्षेत्राचे आकर्षण वाटते. मात्र नमुना नापास झाला की दोष बहुधा कच्च्या मालावर ढकलला जातो, आणि खरे कारण निवडीत किंवा भट्टीत दडलेले असते.

सर्वांत महागात पडते ते कॅटलॉगमधील कमाल तापमान पाहून रबर ठरवणे. सिलिकोन आणि एफकेएम (फ्लुओरिनयुक्त रबर) ही दोन्ही रबरे सुमारे २०० अंश सेल्सिअस सोसतात. पण साधे सिलिकोन इंधनात फुगते, म्हणून तेथे एफकेएम किंवा फ्लुओरोसिलिकोन लागते. प्रवासी विमानांच्या फॉस्फेट एस्टर हायड्रॉलिक द्रवात मात्र एफकेएमचाही निभाव लागत नाही. तेथे ईपीडीएम (इथिलीन-प्रोपिलीन रबर) चालते, आणि तेच खनिज तेलात कुचकामी ठरते. त्यामुळे ‘किती अंश?’ याआधी ‘कोणता द्रव?’ हे विचारून घ्यावे.

थंडीचा विचारही राहून जातो. निफाडच्या गारठ्याने रबराचे काही बिघडत नाही, पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते आणि सर्वसाधारण एफकेएम उणे २० च्या सुमारास ताठरू लागते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान कोसळले, त्यामागे थंडीत लवचिकता गमावलेली एफकेएमची ओ-रिंगच होती.

साच्यातून काढलेला भाग तयार झाला असे समजून पोस्ट-क्युअर (साच्यानंतर भट्टीत पुन्हा तापवणे) घाईत उरकणे, ही आमच्याकडची नेहमीची घाई. एफकेएमला २०० ते २३० अंशांवर सोळा ते चोवीस तास, सिलिकोनला साधारण २०० अंशांवर चार तास लागतात. ट्रेमध्ये भाग एकावर एक रचले आणि ताजी हवा खेळती नसली, तर बाष्पशील अवशेष आतच राहतात. पेरॉक्साइड-क्युअर (पेरॉक्साइड वापरून पक्के केलेल्या) काही सिलिकोनवर चार दिवसांनी पिठूळ पांढरा थर दिसतो, तो याचाच. पुसून माल पाठवू नये, पुन्हा भट्टीत घालावा.

वापरलेले सील हाती आले की आधी त्याची जाडी आणि शोर कडकपणा (रबराच्या कठीणपणाचे माप) मोजावा. चपटे होऊन तसेच राहिले असेल, तर पोस्ट-क्युअर, दाब आणि तापमान तपासावे. फुगून मऊ पडले असेल, तर द्रव पाहावा. कडक होऊन भेगाळले असेल, तर उष्णता मर्यादेबाहेर गेली आहे. कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर सील बसते त्या खाचेचे माप घ्यावे, कारण रबर पोलादाच्या जवळपास दहापट प्रसरण पावते आणि जागा उरली नाही की फटीत घुसते. खराब एफकेएम जाळू नये. त्यातून हायड्रोजन फ्लुओराइड हा विषारी वायू बाहेर पडतो.