परदेशी हर्बेरियमशी नमुन्यांची देवाणघेवाण करताना या चुका टाळा

तोरणमाळचे किंवा यावल अभयारण्याच्या परिसरातील वनस्पती-नमुने परदेशी हर्बेरियमला, म्हणजे वाळलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयाला, पाठवून बदल्यात तिकडचे मागवण्याचा उत्साह खान्देशातील तरुण अभ्यासकांत आहे. मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात आणि त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा घाईच असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे एकाच संग्रह-क्रमांकाखाली दोन झाडांचे साहित्य घालणे. देवाणघेवाणीत पाठवायचे ते डुप्लिकेट. डुप्लिकेट म्हणजे एकाच जातीचे, एकाच ठिकाणी, एकाच वेळी गोळा केलेले साहित्य. आपल्याकडील अंजन पावसाळ्यात फुलतो आणि त्याच्या शेंगा पुढच्या उन्हाळ्यात पिकतात. एका विद्यार्थ्याने पावसाळ्यात घेतलेल्या फुलांच्या डहाळ्यांना, नमुना 'पूर्ण' व्हावा म्हणून, नंतर दुसऱ्याच झाडाच्या शेंगा जोडल्या आणि तारीख मात्र जुनीच ठेवली. ज्या संस्थेकडे हा नमुना गेला, तेथून अतिशय सभ्य शब्दांत विचारणा आली की एकाच दिवशी फुले आणि पक्व शेंगा कशा मिळाल्या? क्षेत्रनोंदवहीत शेंगांची वेगळी नोंद नसल्याने उत्तर देता आले नाही. त्या एका नमुन्यामुळे सोबतच्या चांगल्या नमुन्यांवरचाही विश्वास गेला, आणि तो जायलाच हवा होता; कारण नव्या जातीच्या नावाचा आधार ठरणारा प्ररूप नमुना एकाच वेळच्या संग्रहातील असावा लागतो. म्हणून मी झाडासमोर उभे राहूनच क्रमांक लिहायला लावतो आणि डहाळी कागदात जाण्यापूर्वी तिला चिठ्ठी बांधून घेतो. संध्याकाळी विश्रामगृहात आठवून लिहिलेली नोंद मी स्वीकारत नाही.

दुसरी चूक कागदपत्रांची. "वाळलेली पानेच तर आहेत" असे म्हणून कुरिअर करणाऱ्यांनी २०१७ सालची घटना लक्षात ठेवावी. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाने ऑस्ट्रेलियाला अभ्यासासाठी पाठवलेले १०५ जुने नमुने, त्यांत प्ररूप नमुनेही होते, कागदपत्रांतील त्रुटींमुळे अडकले आणि पत्रव्यवहार चालू असतानाच विलगीकरण अधिकाऱ्यांनी जाळून टाकले. ते पुन्हा कोठूनही मिळणार नाहीत. आपल्याकडे जैविक विविधता कायदा, २००२ लागू आहे. त्यामुळे चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहिल्याशिवाय आणि घेणाऱ्या संस्थेने आपल्या देशाच्या आयात-अटी लेखी कळवल्याशिवाय मी पाकीट बंद करत नाही. कागदांची एक प्रत आत आणि एक बाहेर असते. ऑर्किड असेल तर साइट्सचे, म्हणजे धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे, बंधन येते. वाळलेल्या नमुन्यांना असलेली सवलत फक्त नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांमधील, अधिकृत लेबल लावलेल्या देवाणघेवाणीला आहे, व्यक्तीला नाही.

लेबलवर केवळ 'सातपुडा' लिहू नये. अक्षांश, रेखांश आणि उंची द्यावी. स्थानिक नाव अहिराणीतले की पावरीतले, हेही नोंदवावे.

पावसाळ्यात नमुने वाळवताना टीपकागद रोज बदलावेत. सेलोटेप कधीही वापरू नये. डुप्लिकेट नमुने कागदावर चिकटवून पाठवू नयेत, कारण प्रत्येक हर्बेरियम आपल्या मापाच्या कागदावर ते स्वतः लावते.