गॅदरिंगमध्ये पहिल्यांदाच नाचताय? या चुका टाळा

गॅदरिंगची नोटीस लागली की डान्स ‘बसवायची’ घाई सुटते आणि तिसऱ्याच दिवशी आरोळी ऐकू येते, "झाला बसून!" बसलेला काहीच नसतो. गाणं बंद करून "दुसऱ्या कडव्यापासून दाखवा" म्हणा, सगळे एकमेकांच्या पायांकडे पाहायला लागतात.

याचं कारण म्हणजे काउंट सोडून थेट हुक स्टेपवर, म्हणजे गाण्याच्या गाजलेल्या स्टेपवर, मारलेली उडी. नाच आठ-आठच्या काउंटमध्ये मोजतात. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एक आठ 4 सेकंदांत संपतो, म्हणजे अडीच मिनिटांच्या गाण्यात 37-38 आठ. मुखडा फिरून फिरून येतो, त्यामुळे वेगळ्या हालचालींचे 12-15 आठ बसवले तरी पुरे. पहिले दोन दिवस नुसत्या टाळ्या. मग जागच्या जागी चालायचं, ‘एक’ला उजवा पाय. पाय चुकेनासा झाला की मगच हात. पोट्ट्यांना हे बोअर होतं, होऊ द्या. पुढे व्हिडिओचा वेग 0.75 करा, 120 चे 90 ठोके होतात. त्या वेगात लागोपाठ तीनदा चुकलं नाही, तरच पूर्ण वेग.

आता सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक: मोबाईलमधली उजवी-डावी. व्हिडिओतली बाई तुमच्याकडे तोंड करून नाचते, त्यामुळे तिचा उजवा हात तुमच्या डावीकडे दिसतो. एक जण आरशासारखं पाहून डावा उचलतो, दुसरा विचार करून उजवा. एकट्यानं नाचायचं तर दोन्ही चालतं. ग्रुपमध्ये मात्र वाट लागते. तालुक्याच्या एका कॉलेजात दहा मुलींची लावणी होती. सहा जणी होस्टेलच्या, त्यांनी खोलीत आरशासारखं पाहून शिकलेलं. चौघी एसटीनं ये-जा करणाऱ्या, साडेचारच्या गाडीसाठी प्रॅक्टिस अर्धी टाकून पळायच्या आणि घरी पाठीमागून काढलेल्या दुसऱ्या व्हिडिओवर शिकायच्या. एकत्र प्रॅक्टिस झाली दोनदा, तीही दाटीवाटीत हात न उचलता, नुसत्या खुणा करत. स्टेजवर तिसऱ्या कडव्यात गिरकी आली. सहा जणी डावीकडे, चौघी उजवीकडे. मधल्या दोघींची कोपरं आदळली, एकीची चापाची नथ उडाली आणि निवेदनाचा माइक विंगेतच चालू राहिलेला असल्यानं अख्ख्या मंडपानं ऐकलं, "माही बाजू बरोबर हाये वं, तूच सरक नं!"

उपाय साधा आहे. पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या उजव्या मनगटाला लाल रिबन बांधा. शिकवणारीनं ग्रुपकडे पाठ करून उभं राहायचं, आणि घरी न्यायचा व्हिडिओही पाठीमागूनच काढायचा, एकच, सगळ्यांना तोच. "खिडकीकडे वळा" असं शिकवू नका. स्टेजवर ती खिडकी नसते.

सिमेंटच्या गच्चीवर किंवा पोर्चमध्ये उड्या मारून नडगी धरून बसणारे दरवर्षी दिसतात. नवखा माणूस टाच आपटतो आणि गुडघा ताठ ठेवतो, मग सगळा दणका नडगीच्या हाडावर. उतरताना आधी चवडा, मग टाच, गुडघा वाकलेला आणि पावलाच्या रेषेत. पहिल्या आठवड्यात उड्या नकोतच. शेणानं सारवलेलं मातीचं अंगण सिमेंटपेक्षा केव्हाही बरं. कॉलेजात कबड्डीची मॅट असेल तर मागून घ्या. सतरंजी मात्र घसरते. नडगीच्या आतल्या कडेनं दुखलं तर दोन-चार दिवस थांबा, फडक्यात बर्फ गुंडाळून 10-15 मिनिटं शेका. बोट ठेवावं अशा एकाच जागी दुखतंय आणि चालतानाही दुखतंय, तर डॉक्टरकडे जा. स्प्रे मारून नाचणं ही बहादुरी नव्हे.

नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. सलवारीत बसवलेली बैठक, म्हणजे गुडघे वाकवून खाली जायची स्टेप, त्यात जमत नाही. आजीचं जुनं लुगडं नेसून किमान चार दिवस प्रॅक्टिस करा.

घुंगरं पायाला 50 पुरेत. आधी कापडाची पट्टी गुंडाळा, वर घुंगरं.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवातल्या समूह लोकनृत्याचे नियम वेगळे: साधारणपणे 10 कलाकार, 5 साथीदार आणि 10 मिनिटं. गडचिरोलीकडचा रेला किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडचा ढेमसा असा आदिवासी नाच घेणार असाल तर रिमिक्स आणि प्लास्टिकची पिसं घेऊन जाऊ नका. गावातल्या जाणत्या बायांकडे दोन संध्याकाळी जा. या नाचांचे पाय दिसायला सोपे, पण हात गुंफलेल्या रांगेत एकीचा पाय चुकला की हिसका शेवटच्या पोरीपर्यंत जातो. म्हणून रांगेच्या दोन्ही टोकांना पक्क्या पोरी ठेवा, नवख्या मध्ये.

मंडपाच्या स्टेजवर आदल्या दिवशी अनवाणी चालून पाहा. तक्त्यांमधल्या फटी, वर आलेला खिळा, गालिच्याची सुरकुती हे सगळं पायालाच कळतं. गाणं पेनड्राइव्हवर द्या, दुसरी कॉपी मित्राच्या फोनमध्ये, आणि तो फोन फ्लाइट मोडवर. नाहीतर ऐन कडव्यात डीजेच्या बॉक्समधून कुणाच्या तरी आईची रिंगटोन वाजते.