स्वीडिश मीटबॉलचा क्रीम सॉस फुटत होता, त्यावरचा उपाय

स्वीडनमध्ये मीटबॉलसोबत वाढतात तो तपकिरी क्रीम सॉस घरी केला की दरवेळी फुटायचा: वर तुपकट तवंग, खाली रवाळ कण. मैदा वाढवूनही उपयोग होईना, तेव्हा मी अगदी वैतागले. चूक एवढीच होती की 25 टक्के स्निग्धांशाची थंडगार क्रीम मी थेट उकळत्या सॉसमध्ये ओतत होते.

आता मीटबॉल तळलेल्या पॅनमध्येच 25 ग्रॅम लोण्यावर तेवढाच मैदा बदामी परतते, 300 मिलिलिटर गरम बीफ स्टॉक (मांस-हाडं उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा घालत घोटते आणि चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत उकळते. मग आच बंद करून, फ्रीजबाहेर काढून ठेवलेल्या 100 मिलिलिटर क्रीममध्ये आधी दोन डाव गरम सॉस मिसळते, नंतर ती पॅनमध्ये ओतते आणि पुन्हा उकळी येऊ देत नाही. शेवटी एक चमचा सोया सॉस. लिंगनबेरी या छोट्या लाल रानफळाचा आंबटगोड जॅम मात्र ताटात बाजूलाच वाढावा.