मिस्त्री येण्याआधी: एका बाजूला ओढणारा जुना ट्रॅक्टर

स्टेअरिंग एका बाजूला ओढतंय म्हटलं की मिस्त्रीचा हात आधी स्टेअरिंग बॉक्सवर (स्टेअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटी) जातो. आमच्याकडेही एका हंगामात तेच झालं. बॉक्स उघडला, बेअरिंग-सील बदलली, ट्रॅक्टर दोन दिवस शेडमध्ये. आणि रोग निघाला डाव्या ब्रेकमध्ये. पेडल सोडलं तरी ब्रेक सुटत नव्हता, ड्रमला हात लावला तर चटका बसत होता. तेव्हापासून मिस्त्रीला बोलवायच्या आदल्या दिवशी मी स्वतः एक फेरी करतो, आणि बॉक्स सगळ्यात शेवटी ठेवतो.

सामान आधीच काढून ठेवा. जॅक, दोन मजबूत घोड्या (उचललेला भाग टेकवायचे स्टँड) किंवा जाड ओंडके (विटा मुळीच नको, वजनाखाली फुटतात), मागच्या चाकांना पुढून-मागून लावायला लाकडी ठोकळे, हवेचं गेज, टेप, सुतळी, खडू, पहार, ग्रीस गन आणि भरपूर चिंध्या. स्टेअरिंगवर बसायला घरातलं कुणीतरी हवंच, हे एकट्याचं काम नाही. आणि आदल्या संध्याकाळी पुढचा एक्सल धुऊन घ्या. चिखलाच्या थराखाली ढिला जॉइंट दिसत नाही.

मग एक प्रश्न स्वतःलाच विचारा: नक्की ओढतो कधी? फक्त नांगरताना ओढत असेल तर ट्रॅक्टरला हात लावू नका. एका बाजूची चाकं तासात (नांगराने पडलेल्या चरात) असतात, नांगर मधोमध जोडलेला नसला की ओढ येणारच. ते काम नांगराच्या जोडणीचं. उसाची दोन चाकी ट्रॉली भरल्यावरच स्टेअरिंग ऐकत नसेल, तर ट्रॉलीच्या वजनाने हुक दबतोय आणि पुढची चाकं हलकी होतायत. तिथे पुढे वजनं लावायची किंवा भार कमी करायचा. मोकळा ट्रॅक्टर सपाट जागेवरही ओढतो, तेव्हाच पुढचं वाचा.

पंधरा मिनिटं ब्रेक न दाबता चालवून आणा आणि उतरल्या उतरल्या दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा. एक गार आणि एक गरम, तर अर्धा तपास तिथेच संपला. दोन्ही ब्रेक पेडलांची मोकळी चाल (ब्रेक लागण्याआधी पेडल जेवढं दबतं ती) सारखी आहे का, तेही बघा.

आता टायर. दोन्ही पुढचे टायर एकाच मापाचे हवेत, ६.००-१६ असतील तर दोन्ही तेच, आणि हवाही सारखीच. थंड असताना गेज लावा, पायाने लाथ मारून हवा कळत नाही. मापाचा आकडा सारखा असला तरी झिजलेल्या आणि नव्या टायरचा घेर वेगळा भरतो, म्हणून सुतळी गुंडाळून घेर मोजा. मागच्या जोडीलाही हेच, शिवाय एकाच टायरमध्ये पाणी भरलेलं नाही ना, हे विचारून घ्या. मग पुढच्या टायरवरून तळवा आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने धार लागते? मग टो बिघडलाय, म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांना जेवढी समांतर हवीत तेवढी नाहीत.

मोजायचाच असेल तर हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) उंचीला दोन्ही टायरच्या मधोमध पुढच्या बाजूला खडूच्या खुणा करा, अंतर घ्या, ट्रॅक्टर ढकलून त्याच खुणा मागे आणा, पुन्हा अंतर घ्या. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडंसंच कमी हवं, मोजक्या मिलिमीटरचं. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. एक्सल लांब-आखूड होणारा असेल तर दोन्ही बाजूंची भोकं मोजायला विसरू नका. आंतरमशागतीसाठी कुणीतरी एकच बाजू सरकवलेली असते.

आता अवजार खाली टेकवा, इंजिन बंद, ठोकळे लावा, पुढचा भाग उचलून घोड्यांवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. चाक आणि हब स्टबवर (चाक ज्यावर फिरतं त्या आखूड दांड्यावर) डुगडुगत असतील तर बेअरिंग. स्टबसकट सगळं हलत असेल तर किंगपिन-बुश, म्हणजे स्टब ज्या उभ्या पिनवर वळतो ती आणि तिचं अस्तर. डावी-उजवीकडे हलवताना खटखट आली तर टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याचे) एंड. पुढचा एक्सल ज्यावर झुलतो ती मधली पिन पहारीने उचकून बघा, तिचं बुश संपलं की अख्खा एक्सल मागेपुढे होतो.

चाकं अधांतरी असतानाच स्टेअरिंगच्या वरच्या टोकाला खडूची खूण करा आणि चाकं सरळ धरून मोजा: डावीकडे किती फेऱ्या, उजवीकडे किती? हाताच्या (पॉवर नसलेल्या) स्टेअरिंगला दोन्ही जवळपास सारख्या भरायला हव्यात. नसतील तर ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी चुकलेली आहे किंवा ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा लोंबता हात) शाफ्टच्या चुकीच्या दात्यावर बसवलाय. पॉवर स्टेअरिंगला मात्र एका बाजूने रॉड असलेला सिलिंडर असेल, तर फेऱ्यांत फरक राहणारच; तिथे तेलाची पातळी, फेस आणि होज बघा. फिरवताना कुठे अडतंय असं वाटलं तर ड्रॅग लिंक सोडवा. चाकं हाताने सहज वळत असतील आणि स्टेअरिंग तरी जड असेल, तर आता बॉक्सकडे या.

आधी बॉक्सचं तेल आणि त्याचे फाउंडेशन बोल्ट. मगच ॲडजस्टिंग स्क्रू, तोही जपून. सरळ चालण्यातच आयुष्य गेल्यामुळे बॉक्स मधोमध जास्त झिजतो. ती ढिलाई काढायला स्क्रू आवळला की मध्ये घट्ट वाटतं, आणि बांधावर वळताना जाम होतं. तसा जाम होत असेल तर भाग बदलायचेच, स्क्रूने ते काम होत नाही.

ड्रॉप आर्म काढण्याआधी आर्म आणि शाफ्ट दोघांवर पंचने एक खूण मारून ठेवा.