जुनी पिकअप गरम होते? आधी पाणी पाहा, मग उन्हाला शिव्या द्या

उन्हाळा लागला की कोणी ना कोणी गाडी घेऊन येतोच. "भाऊ, गाडी लय गरम होऊन रायली, ऊनच तसं आहे नं." ऊन आहेच. अकोल्या-अमरावतीत मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणं काही नवीन नाही. पण कूलिंग धड असलेली पंधरा वर्षांची गाडी त्याच उन्हात तुरीची पोती घेऊन निवांत जाते. बहुतेक वेळा बिघाड आपल्याच हातानं झालेला असतो.

पहिला मान बोअरच्या पाण्याला. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. प्यायला आपण 20 लिटरचा कॅन विकत आणतो आणि रेडिएटरमध्ये बोअरची बादली ओततो. माझ्या भाच्यानं दोन वर्षं हेच केलं. बोललो तर म्हणे, "मामा, पाणी त पाणीच राह्यते नं."

मागच्या मे महिन्यात मंडपाचं सामान घेऊन तो परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढत होता. काटा लाल पट्ट्यात गेला. गडी थांबला, इथवर ठीक. मग हाताला दुपट्टा गुंडाळून त्यानं लगेच रेडिएटरचं झाकण फिरवलं. झाकणावर 0.9 (म्हणजे 0.9 बार दाब) लिहिलं असेल तर आतलं साधं पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सुटलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं. मनगटापासून कोपरापर्यंत सोललं पोरगं. आणि हे कमी होतं म्हणून क्लीनरनं तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं आणि त्याखालचं गॅस्केट गेलं.

रेडिएटर खोलला तर अर्ध्याहून जास्त नळ्या बंद. आत क्षारांचा पांढरा थर, पानठेल्यावरच्या वाळलेल्या चुन्यासारखा. पितळी होता म्हणून रॉड मारून साफ झाला; प्लास्टिक टाकीचा असता तर नवाच घ्यावा लागला असता. हेड फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), गॅस्केट, मजुरी धरून 14,000 गेले. त्यात कूलंटचे किती डबे आले असते, ते मी त्याला अजून ऐकवतो.

माझी सवय सांगतो. निम्मं कूलंट, निम्मं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. दोन वर्षांनी सगळं काढून नवीन. गाडी गरम झालीच तर बाजूला लावायची, बोनेट उघडायचं आणि वरचा होज पाइप हाताला सोसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. त्यात अर्धा-पाऊण तास जातो. जाऊ द्या.

दुसरी माझी चीड म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा वॉल्व्ह, काढून फेकणं. "वॉल काढून टाक, गाडी थंड राह्यते," हा सल्ला प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. चोक झालेला रेडिएटर त्यानं साफ होत नाही, दुखणं फक्त झाकलं जातं. आणि डिसेंबरच्या पहाटे इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त पितं, धूर सोडतं. पुष्कळ थर्मोस्टॅट 82 अंशांच्या आसपास उघडतात. शंका असेल तर काढून जुन्या गंजात (पातेल्यात) पाण्यात टाका आणि गॅसवर ठेवा. पाणी उकळलं तरी उघडला नाही तर नवा आणा. स्वयंपाकाचा गंज घेऊ नका, मी एकदा घेतला होता.

गळतीवर हळद टाकणारेही आहेत. हळद भाजीत टाका, गळकी नळी बदला.

जिनिंगला कापूस नेणाऱ्यांनो, हंगाम संपला की रेडिएटरची जाळी पाहा. धूळ आणि कापसाचे तंतू मिळून गोधडी तयार होते. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, साध्या पाइपानं धुवा. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की पत्रे आडवे होतात.

हिरवं आणि लाल कूलंट एकत्र करू नका. वॉटर बॉडीखालच्या (पाण्याच्या पंपाखालच्या) भोकातून थेंब पडत असेल तर आत सील गेलंय, एम-सील थापून काही होत नाही. फॅन बेल्ट चकाकायला लागला की बदला. पाणी नवीन भरल्यावर झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. हेच कोणी करत नाही, घाई असते सगळ्यांना.

भाच्याच्या सीटमागे आता पाच लिटरचा तयार, म्हणजे आधीच पाणी मिसळलेल्या, कूलंटचा कॅन असतो. बोअरच्या पाण्याची बाटली पण आहे, काच धुवायला.